अंबाझरीच्या सांडव्याखाली

स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येकाला जलविज्ञानाच्या पुस्तकात एक छोटंसं कोष्टक भेटतं. डाव्या रकान्यात वर्षाचा पाऊस, उजव्या रकान्यात त्यातलं किती पाणी जमिनीवरून वाहून जातं त्याचे टक्के. ५०० मिलीमीटरला १५, ६००ला २१, ७००ला २५, ८००ला २९, ९००ला ३४, १०००ला ३८, ११००ला ४०. नाव ‘बिनीचे टक्के’. परीक्षेपुरतं ते पाठ होतं आणि विसरलं जातं. पण मध्य प्रदेशात आणि विदर्भात एखाद्या नाल्यावर धरण बांधलं तर किती पाणी साठेल, याचा अंदाज अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांनी याच सात ओळींवरून बांधला आहे.

हे आकडे कुठल्या मातीवर मोजले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ती माती नागपूरची आहे. शहराच्या पश्चिमेला, लाव्हा गावाच्या टेकड्यांपासून अंबाझरी तलावाकडे उतरत येणारी, जेमतेम १६ चौरस किलोमीटरची. नागनदीचा उगम याच बाजूचा. दीडशे वर्षांपूर्वी या जमिनीवर पडलेल्या पावसाचा जो हिशोब मांडला गेला, तो वाचल्याशिवाय २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काय घडलं ते मला नीट कळत नाही. म्हणून गोष्ट मागून सांगायला हवी.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे येऊन पोचली. कचेऱ्या आल्या, छावण्या आल्या, माणसं आली. पाणी मात्र जुनंच राहिलं: वाड्यावाड्यांतल्या विहिरी, आणि गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला जुम्मा तलाव, ज्याला पुढे शुक्रवारी म्हणू लागले आणि आता गांधीसागर म्हणतात. मे महिन्यात विहिरींचा तळ दिसायचा. पटकीच्या साथींचं ते शतक होतं. अशा वेळी शहराबाहेर, वरच्या अंगाला, आंब्याच्या झाडांमधल्या झऱ्यावर मोठा साठा करावा आणि उताराने पाणी शहरात आणावं, हा विचार पुढे आला.

इथे एक जुनी चूक दुरुस्त करून घेतो. ‘भोसल्यांच्या राजवटीत १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव’ हे वाक्य वर्षानुवर्षं छापलं जातं. १८७० साली भोसल्यांची राजवट संपून सोळा वर्षं झाली होती. या जागी भोसलेकालीन जुना तलाव होता, असं नागपूरकर सांगत आले आहेत आणि ते अशक्य नाही. तेलंगखेडी आणि सक्करदरा ही नावं घेतली की भोसल्यांना तलावांची किती जाण होती ते कळतंच. पण आज जी मातीची लांब पाळ आपण पाहतो, जिच्यामागच्या तलावातून नागपूरला पहिलं नळाचं पाणी मिळालं, ती १८७०च्या आसपासची, मध्य प्रांताच्या बांधकाम खात्याची. आणि तिच्यामागे जो माणूस होता त्याचं नाव अलेक्झांडर रिचर्डसन बिनी.

बिनी १८३९ मध्ये लंडनला जन्मला आणि १८६८ मध्ये भारतात आला, म्हणजे नागपुरात पाय ठेवला तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. पुढे तो फार मोठा झाला. लंडन शहराच्या कौन्सिलचा मुख्य अभियंता म्हणून त्याने थेम्स नदीखालून ब्लॅकवॉलचा बोगदा काढला, तो १८९७ मध्ये खुला झाला. ग्रिनिचचा पादचारी बोगदाही त्याचाच. वरोऱ्याच्या दगडी कोळशाच्या शोधाशीही त्याचं नाव जोडलेलं आहे, तेव्हा चंद्रपूरकरांनीही त्याची आठवण ठेवायला हरकत नाही. पण मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची वर्षं वाटतात ती नागपूरची.

कारण इथे त्याच्यापुढे जो प्रश्न होता त्याचं उत्तर त्याच्या देशातल्या पुस्तकांत नव्हतं. इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. नागपुरात तो चार महिन्यांत पडतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. तिकडच्या जमिनीचे टक्के इथल्या काळ्या मातीला लावले तर एक तर तलाव उन्हाळ्यात आटून शहर तहानेलं राहील, नाही तर पावसाळ्यात पाळीवरून पाणी जाईल. दोन्हींत माणसं मरणार. बिनीने उसने आकडे घेतले नाहीत. १८६९ आणि १८७२ या दोन पावसाळ्यांत त्याने पडलेला पाऊस मोजला आणि जमिनीवरून वाहून आलेलं पाणीही मोजलं. उन्हाळ्यात उडून जाणारं पाणीसुद्धा त्याच्या हिशोबातून सुटलं नाही. हे सगळं त्याने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे नागपूरच्या पाणीपुरवठ्यावरच्या निबंधात मांडलं, आणि तो १८७४-७५च्या इतिवृत्तात छापला गेला.

त्याने पावसाची बेरीज मोसमाच्या सुरुवातीपासून करत नेली. आजवर एकूण किती पडला, त्यापैकी एकूण किती वाहिला. दोन्ही वर्षांच्या बेरजा कागदावर आखल्या तेव्हा दोन्ही रेषा जवळजवळ सारख्याच वळल्या. सुरुवातीला रेषा आडवी पडलेली आणि पुढे पुढे चढत जाणारी. जूनमध्ये भेगाळलेली काळी माती सगळं पिऊन टाकते, नाल्याला ओल येते इतकंच. माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच माती पाणी आत घेईनाशी होते. शेतकऱ्याला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. बिनीने त्याला आकडा दिला. ज्ञानाच्या इतिहासात हे काम मला लहान वाटत नाही.

आता सांडव्याकडे येतो. मातीच्या धरणाला पाणी अडवणं जमतं, पाणी अंगावरून वाहू देणं जमत नाही. पाळीच्या माथ्यावरून वीतभर पाणी काही तास वाहिलं तरी मागच्या उतारावर घळी पडतात, घळीची खिंड होते, आणि धरण गेलं. म्हणून पाळीच्या एका टोकाला, तिच्यापेक्षा खालच्या पातळीवर, दगडी बांधणीचा एक उंबरठा ठेवतात. तलाव भरला की जास्तीचं पाणी त्या उंबरठ्यावरून जातं. इंग्रज अभियंते त्याला ‘वेस्ट वेअर’ म्हणत, वाया जाणाऱ्या पाण्याचा बांध. आपल्याकडे शब्द आहे सांडवा, आणि नागपुरात कुणीही ‘ओव्हरफ्लो’ म्हणून मोकळं होतं. पण नागपूरच्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर गेलात तर तिथे एक वेगळा शब्द ऐकू येईल: सलंग.

त्या भागातले हजारो तलाव कोहळी आणि गोंड माणसांनी बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलाने बांधला, ही आठवण तिथे आजही जिवंत आहे. त्या तलावांचं स्वतःचं व्याकरण आहे. मातीची ती पाळ. धानाला पाणी सोडण्याचं दार ते तुडुम. आणि जास्तीचं पाणी काढून देणारी ती सलंग. सलंग कुठे ठेवायची, हे जमीन पाहून ठरे. पाळीच्या शेवटाला, जिथे मुरूम किंवा खडक असेल तिथे, म्हणजे पाणी किती का वाहेना, तळ खरवडला जाणार नाही. सलंगीतून पडलेलं पाणी वाऱ्यावर सोडलेलं नसे. ते ओळखीच्या ओहोळाने खालच्या गावच्या तलावात जाई, तो भरला की त्याच्या सलंगीतून आणखी खाली. पावसाळ्यात मासे त्याच वाटेने वर चढत. त्या वाटेत घर बांधावं, हे कुणाच्या मनात येत नसे. सलंग म्हणजे नुसता उंबरठा नव्हे, उंबरठ्याच्या पुढची वाटही सलंगीचीच. ही समज मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे शहराने हरवली ती हीच.

सांडव्याचं गणित अवघड नाही. उंबरठा जितका रुंद तितकं पाणी जास्त. पाण्याची जाडी दुप्पट झाली तर जाणारं पाणी दुप्पट नाही, जवळजवळ पावणेतीनपट होतं. आता उलट विचार करा. कुणी उंबरठ्याची निम्मी रुंदी अडवली तर तेवढंच पाणी जायला उरलेल्या निम्म्यावर पाण्याची जाडी सुमारे १.६ पट व्हावी लागेल. म्हणजे तलावाची पातळी तितकी वर चढेल, पाळीच्या माथ्याच्या तितकी जवळ जाईल. सांडव्यासमोर ठेवलेली प्रत्येक वस्तू तलावाच्या पाण्याला पाळीच्या माथ्याकडे ढकलते.

बिनीच्या पिढीला हे शिकवायला लागलं नसावं. तो बारा वर्षांचा असताना, ५ फेब्रुवारी १८५२च्या रात्री यॉर्कशरमधलं बिलबेरी धरण फुटून ८१ माणसं गेली होती. तिथे जास्तीचं पाणी काढून द्यायला विहिरीसारखा उभा सांडवा बांधलेला होता. पण मातीची पाळ खचत गेली, इतकी की तिचा माथा सांडव्याच्या तोंडाच्या खाली गेला. पाणी सांडव्यात शिरण्याआधी पाळीवरूनच वाहू लागलं. पुढे १८८९ मध्ये अमेरिकेत जॉन्सटाउनच्या वर असलेल्या साउथ फोर्क धरणावर एका श्रीमंत क्लबने तलावातले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मेच्या पुरात त्या जाळ्यांत काटक्या-ओंडके अडकले. धरणाचा माथाही आधीच उतरवून ठेवलेला होता. धरण फुटलं आणि २,२०९ माणसं मेली. आपल्याकडे ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरबीच्या वरचं मच्छू धरण गेलं तेव्हा आलेलं पाणी सांडव्याच्या ताकदीच्या कितीतरी पलीकडचं होतं.

अंबाझरीचं धरण यातलं काहीही न होता दीडशे वर्षं उभं राहिलं. सुमारे तीन दशकं त्याने शहराला पाणी पाजलं. मग शहर त्याच्यापेक्षा मोठं झालं. १९१२ च्या सुमारास गोरेवाडा आला, पुढे कन्हान, त्यानंतर पेंच. अंबाझरीकडून पिण्याचं पाणी मागणं बंद झालं आणि तिथे फिरायला जाणं सुरू झालं. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाण्याची पांढरी चादर पडू लागली की अर्धं नागपूर तिथे लोटायचं. मुलं खांद्यावर, हातात भाजलेलं कणीस. पेपरात फोटो यायचा. तलाव भरला ही आनंदाची बातमी असे, आणि खरोखरच असते.

पण त्या पाण्याची खालची वाट बदलत होती. सांडव्यातून पडलेलं पाणी म्हणजेच नागनदी. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, शंकरनगर, पंचशील चौक, झाशी राणी चौक, मोरभवन, सीताबर्डी या नावांच्या कडेने ती शहरात शिरते. जेव्हा सांडवा बांधला तेव्हा यातलं बहुतेक शेत आणि माळ होतं. मग काठावर वसाहती झाल्या. नदीला भिंती घातल्या गेल्या, काही ठिकाणी पात्र आक्रसलं, काही ठिकाणी वर स्लॅब पडली. वर्षाचे अकरा महिने नदीत सांडपाण्याखेरीज काही वाहताना दिसत नाही, तेव्हा एवढी जागा तिला कशाला, असं वाटणं स्वाभाविक होतं. लोक तिला नाला म्हणू लागले. सांडव्याच्या ऐन पुढ्यात स्वामी विवेकानंदांचं स्मारक उभं राहिलं.

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. मध्यरात्रीनंतर विजांच्या कडकडाटासह पाऊस सुरू झाला. पहाटेपर्यंत, मोजक्या तासांत, शहरात शंभर मिलीमीटरहून जास्त पडला. तलाव आधीच भरलेला होता. पाणी सांडव्यावरून आणि त्याच्या आजूबाजूने निघालं आणि लोक झोपेत असताना तळमजल्यांमध्ये शिरलं. गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. नदीच्या संरक्षक भिंती कोसळल्या. मोरभवन बसस्थानकात एसटी आणि शहर बस पाण्यात उभ्या राहिल्या. पंचशील चौकातला पूल खचला. आपत्ती दलांच्या नावा रस्त्यांवर फिरल्या, कामठीहून लष्कराच्या तुकड्या आल्या. बोलता-ऐकता न येणाऱ्या मुलांना त्यांच्या शाळेतून बाहेर काढावं लागलं. किमान चार जणांचा जीव गेला आणि पाणी शिरलेल्या घरांचा आकडा दहा हजारांपर्यंत सांगितला गेला. ज्यांची घरं बुडाली त्यांतली बरीच माणसं म्हातारी होती, मुलं परगावी असलेली, आयुष्यभराची कमाई तळमजल्यावर मांडून राहिलेली.

‘ढगफुटी’ हा शब्द त्या सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी झाला. मला तो पुरेसा वाटत नाही. शंभर मिलीमीटर पाऊस नागपूरला मोठा आहे, अनोळखी नाही. तो किती पडला याइतकंच तो केव्हा पडला हेही पाहायला हवं. इथे बिनीचं कोष्टक पुन्हा उघडतो. त्याच्या टक्क्यांचे मिलीमीटर करून पाहा. मोसमाच्या पहिल्या ५०० मिलीमीटरमधून वाहून येतात १५ टक्के, म्हणजे ७५. बेरीज ९०० वर पोचते तेव्हा एकूण वाहिलेले ३०६, आणि १००० वर ३८०. म्हणजे ९०० ते १००० या एकाच शंभरातून ७४ मिलीमीटर वाहून येतात. जूनपासूनच्या पहिल्या ५०० मिलीमीटरने जेवढं पाणी दिलं, जवळपास तेवढंच मोसमाअखेरचा एक शंभर देतो. कोष्टक वर्षाच्या पावसाचं आहे, एका रात्रीचं नाही, आणि मुसळधार सरीत टक्का आणखी वर जाणार हे उघड आहे. शिवाय बिनीच्या काळी जिथे माती होती तिथे आज वाडी उपनगराची वस्ती, गोदामं, डांबर आणि काँक्रीट आहे. तरी त्याचेच ७४ धरले तर त्या १६ चौरस किलोमीटरवरून येतात सुमारे १२ लाख घनमीटर. चार तासांत आले तर सेकंदाला ८० घनमीटरच्या वर. भरलेल्या तलावात ते मावणार नाहीत. ते सांडव्यातूनच जाणार, आणि सांडव्याच्या खाली नागनदी जेवढी उरली आहे तेवढ्यातूनच जाणार.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. माती तुडुंब, तलाव तुडुंब. या दिवसांत पडणाऱ्या शंभर मिलीमीटरचं काय होईल, हे याच जमिनीवर उभं राहून १८७२ साली मोजलेलं होतं. कोष्टक आपल्याच शहराचं होतं आणि आपल्याच महाविद्यालयांत शिकवलं जात होतं.

धरण फुटलं नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगायला हवं. त्या पाळीने आणि त्या सांडव्याने आपलं काम केलं. पाणी पाळीवरून गेलं असतं आणि खिंड पडली असती, तर त्या सकाळची गणती घरांत न होता माणसांत झाली असती.

नंतर रहिवासी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. सांडव्यापुढचं स्मारक, नदीतले अडथळे, जुन्या धरणाची डागडुजी यांवर तिथे वर्ष उलटून गेलं तरी सुनावण्या चालू राहिल्या. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सांडव्यालगतचा रस्त्यावरचा पूल पाडून नवा बांधायला घेतला. नदीच्या भिंती पुन्हा उभ्या करण्याचं काम निघालं. आणि सांडव्याला दरवाजे बसवण्याचं ठरलं, म्हणजे मोठा पाऊस येण्याआधीच पाणी सोडून तलावात जागा करता येईल.

दरवाजे हा चांगला विचार आहे. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बसवले होते. तरी बिनीच्या पिढीचा उघडा सांडवा आणि दरवाजाचा सांडवा यांत एक फरक राहतो. उघड्या सांडव्याला कुणी जागं राहावं लागत नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, वीज गेलेली असो, फोन लागत नसो, पाणी उंबरठ्याशी आलं की आपलं आपण निघतं. यापुढे तिथे कुणीतरी माणूस लागेल. आजचा पाऊस किती एवढं त्याला कळून भागणार नाही. जूनपासूनची बेरीज त्याच्या हाताशी हवी, म्हणजे ऑगस्ट संपता संपता, आभाळ स्वच्छ असताना, लोक भरलेला तलाव पाहायला गर्दी करत असताना, पातळी खाली आणायचं बळ त्याला येईल. लोक ओरडतील की पाणी वाया घालवतो. त्याने तरीही दरवाजा उचलायचा आहे.

आणि त्याने तो उचलल्यावर पाणी जिथे पडेल, तिथून पंचशील चौकापर्यंत नागनदीचं पात्र किती रुंद राहिलं आहे, हे त्याच्या हातात नाही.